शंभर ब्रास मुरूम

पेठेतलं एकपडदा थिएटर, बाल्कनीवालं, बंद पडून बरीच वर्षं झालेलं. मालकाच्या मुलाला तिथे मंगल कार्यालय काढायचं होतं. फोनवर त्याने काम एका वाक्यात सांगितलं, "मॅडम, फक्त फ्लोअर लेव्हल करून द्यायचाय." जुनं थिएटर हातात आलं की प्रत्येकाला आधी उतारच खुपतो.

मी आर्किटेक्ट; ऑफिसमधल्या दोन मुलांना घेऊन सकाळी मोजमापाला गेले. वीज तोडलेली. वाट दाखवायला मालकांनी जुन्या ऑपरेटर काकांना बोलावलं होतं. "ताई, इथली पायरी हलते, जपून," म्हणत ते बॅटरी न लावताच पुढे चालत होते.

मागच्या दारापासून पडद्यापर्यंत ऐंशी फूट, रुंदी पन्नास, आणि तेवढ्या लांबीत जमीन पाच फूट खाली. तिथेच वहीत हिशेब मांडला. सरासरी अडीच फूट भराव, क्षेत्रफळ चार हजार चौरस फूट, म्हणजे दहा हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास. शंभर ब्रास मुरूम! वजन पाचशे टनांच्या घरात. आणि त्याचा रेटा घेणार कोण, तर चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती. आजवर त्यांनी छपराच्या कैच्या उचलल्या, आतून कुणी बाहेर ढकलेल असं त्यांना बांधणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

मग पडद्यामागे गेलो. पडद्याला बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज अडू नये म्हणून. तो पडदा जरा बाजूला केला आणि आमची मुलं थबकलीच. मागे अख्खा रंगमंच! सागवानी फळ्या, वर तुळईला लाकडी कप्प्या, एका अंगाला रंगपटाची खोली आणि भिंतीत ओळीने खुंट्या.

"हे आधी नाटकाचं," काका म्हणाले. "माझ्याही आधीचं. आम्ही इथे स्पीकर ठेवायचो, आणि पावसाळ्यात बादल्या."

म्हणजे या वास्तूचं एक रूपांतर आधीच होऊन गेलं होतं. पुण्यात यात नवल नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या 'विजय'चं मूळ नावच लिमये नाट्य-चित्र मंदिर. कॅम्पातल्या ज्या 'कॅपिटॉल'मध्ये 1943च्या जानेवारीत क्रांतिकारकांनी बॉम्ब उडवला, ते पुढे 'व्हिक्टरी' झालं. अप्पा बळवंत चौकातलं 1934चं थिएटर आमच्या आईवडिलांना 'प्रभात' म्हणूनच ठाऊक, ते आता पुन्हा किबे लक्ष्मी. आणि 1915 साली सुरू झालेलं मंडईजवळचं 'आर्यन' पाडून तिथे वाहनतळ झाला, तरी लोक गाडी 'आर्यनला' लावतात. नाव टिकलं, वास्तू गेली. मला विचाराल तर दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे काचेचा डबा उभा करणं हाही पाडण्याचाच एक प्रकार, फक्त सभ्य.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. लोखंडी दार, जाड भिंती, स्वतंत्र जिना. प्रोजेक्टरच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा साखळीला टांगलेल्या, आणि साखळीत मध्येच एक मऊ धातूची कडी. आग लागली की ती कडी वितळणार, झडप आपसूक खाली पडणार आणि ज्वाळा हॉलमध्ये शिरणार नाहीत. एवढी धास्ती का, तर पूर्वीची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. 2003 मध्ये प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, अशाच फिल्मच्या साठ्याला आग लागली होती. काकांच्या वाट्याला नायट्रेट आलं नाही, पण प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या त्यांनी जाळल्या. "एक डोळा कांडीवर, एक पडद्यावर. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका आला की रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू." छपरातून धूर बाहेर नेणारी पन्हळी पत्र्याची चिमणी अजून शाबूत होती. होमाचा धूर कुठून काढायचा हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच निम्मा सुटला.

दुपारी मालकाचा मुलगा आला. रंगमंच पाहून खूश झाला, नवरा-नवरीचं स्टेज आयतंच मिळालं. जमिनीसाठी मी भरावाऐवजी लोखंडी सांगाडा आणि वर प्लायचं पाटातन सुचवलं. वजन भिंतींवर येत नाही, खाली खुर्च्या-सतरंज्या ठेवायला जागा होते, आणि उद्या कुणाला पुन्हा नाटक करावंसं वाटलं तर नट सोडवले की उतार जागेवर. तेही पटलं.

मग त्याने बाजूचा बोळ दाखवला. "इथे चार गाळे काढले तर निम्मा खर्च निघेल."

हॉलची सहा दारं त्या बोळात उघडतात, सगळी बाहेरच्या अंगाला. मी अग्निशमनाचे नियम सांगायला सुरुवात केली, तर काकाच मध्ये पडले. "अहो, सहाचा सुटायचा आणि नऊचा आत यायचा, तेवढ्या वेळात सगळं पब्लिक या बोळातून जायचं. लग्नात पंगतीला उठलेली माणसं त्याहून घाईत असतात."

मुलगा हसला, पण गाळे काही सोडेना. नकाशावर मी बोळ लाल रेघांनी आखला, 'बांधकाम नाही' असं लिहून खाली सही केली, आणि गाळे हवेच असतील तर दुसरा आर्किटेक्ट बघा म्हणून सांगितलं.