पाच खेटे

माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे चारला आम्ही पंचगंगेच्या घाटावर उतरलो, तेव्हा पाण्यावरनं वाफा निघत होत्या. पाण्यात असेपर्यंत बरं वाटलं. थंडी भरली ती बाहेर आल्यावर. मोबाइलवर १५ अंश दिसत होते. आकडा काही भिण्यासारखा नाही, पण ओल्या अंगावरनं नदीचा वारा गेला आणि दात वाजायला लागले. ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून नेतं. आत्त्यानं हातात कोरडा टॉवेल कोंबला. "आधी डोकं पूस. ओलं अंगावर वाळवायचं न्हाई."

अंबाबाई जोतिबाला परत आणायला कोल्हापुरातनं अनवाणी डोंगरावर गेली, म्हणून आपणही खेटे घालायचे, म्हणजे पाच रविवार तिच्यासारखं पायी डोंगरावर जायचं. शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर. आत्त्याचं हे एकतिसावं वर्ष, माझं पहिलं.

मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त थंडी डोंगरावर लागेल. लागली ती वडणग्याच्या पुढं, पाणी पाजलेल्या उसाच्या फडांमधनं जाताना. रात्रीची गार हवा जड, ती सखल जागी साठून राहते. पायाची बोटं इतकी बधिर की खडा टोचलेला कळेना. गायमुखाच्या चढाला लागलो तशी हवा उबदार होत गेली. तिथंच, घाम फुटायच्या आधी, आत्त्यानं स्वेटर काढायला लावला. आत घाम मुरवून वर रांगेत उभं राहिलं की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. एवढी साधी गोष्ट मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या खेट्यानंतर तिनं मला आणखी एक काम लावलं, रोज दुपारी तासभर रंकाळा तळ्याभोवती चालायचं. मला ते जाचक वाटायचं. पण उन्हाची सवय एका दिवसात होत नाही. दहा-पंधरा दिवस रोज थोडं ऊन खाल्लं की घाम लवकर सुटतो आणि त्यातनं मीठही कमी जातं.

पाचवा खेटा फाल्गुनात आला. पुण्याचे माझे मेव्हणे थेट याच खेट्याला आले. पहाटे गारवा होता म्हणून जाड कपडे, वर रविवारचा कडक उपास. उतरायला बारा वाजले. देवळाजवळच्या काळ्या दगडावर पाय ठरत नव्हता आणि पारा ३७ वर. ते घटाघटा नुसतं पाणी पीत होते. गायमुखाच्या अलीकडं पोटऱ्यांत गोळे आले, मग डोळ्यांपुढं अंधारी.

झाडाखाली आडवं केलं. शर्ट सोडवला, भिजवलेलं उपरणं मानेला, काखेत लावलं, मी टॉवेलनं वारा घालत राहिलो. आत्त्यानं पिशवीतनं साखरमिठाची पुडी काढली. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप ती घरूनच बांधून आणते. एकेक घोट पाजत ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"पाव्हणं, धाकटीचं नाव काय तुमच्या?"

त्यांनी सांगितलं. शाळेचं विचारलं, तेही नीट सांगितलं. मला वाटलं, ही गप्पा कसल्या मारते! नंतर म्हणाली, "बरळायला लागला असता तर घाम येतोय का बघत बसायचं न्हाई. थेट १०८." उन्हाचा मार मेंदूला लागला की बोलणं बिघडतं, ते तिला पक्कं ठाऊक.

उपास मोडायला ते तयार नव्हते. "द्येवाला माणूस जिता लागतो," म्हणत तिनं त्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं.

कुशिऱ्यातनं त्यांना गाडीत बसवून दिलं. आत्त्या चालतच निघाली, डोक्यावर ओला पदर. निगव्यात ताक वाटत होते. तिनं दोन पेले घेतले, एक मला दिला आणि ताकवाल्या पोराला म्हणाली, "मीठ वाढव रं बाळा, माणसं उन्हातनं येत्यात."