उत्तर आले नाही, तर किती वेळ थांबायचे?

प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, म्हटले की बहुतेकांना हेडरची (संदेशाच्या आरंभी जोडलेल्या माहितीची) ती चौकटीचौकटींची आकृती आठवते. परीक्षेत तीच काढावी लागते, त्यामुळे ती डोक्यात पक्की बसते. माझ्या मते मात्र प्रोटोकॉलचा खरा कस, समोरून उत्तर येईनासे झाल्यावर पाठवणाऱ्याने काय करायचे, या प्रश्नात लागतो. इंटरनेटवर मजकूर खात्रीने पोहोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलच्या बाबतीत हा प्रश्न किती महागात पडू शकतो, हे ऑक्टोबर १९८६मध्ये दिसून आले.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर होते अवघे ४०० यार्ड. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणारा हा मार्ग तेव्हा सेकंदाला ४० बिटांवर आला. राउटरपाशी, म्हणजे मजकूर पुढे धाडणाऱ्या यंत्रापाशी, रांग वाढली की पॅकेट (मजकुराचा एक तुकडा) उशिरा पोहोचते, तोवर पाठवणाऱ्याची वाट पाहण्याची मुदत संपते, पॅकेट हरवले असे समजून तो तेच पुन्हा पाठवतो, आणि आधीच तुंबलेल्या रांगेत एकाच मजकुराच्या दोन-तीन प्रती येऊन उभ्या राहतात. जो तो नियमाप्रमाणेच वागत होता, आणि दुखणे नेमके तेच होते. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४च्या आरएफसी ८९६मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे व चर्चेचे क्रमांकित दस्तऐवज) या संकटाचा इशारा देऊन ठेवला होता.

या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल केरल्स यांनी यावर जो उपाय केला, त्यात हेडरचा एकही बिट बदलला नाही; बदलले ते पाठवणाऱ्याचे वागणे. १९८१च्या आरएफसी ७९३नुसार पॅकेट जाऊन पोच परत येण्याच्या सरासरी वेळेला एका ठरावीक आकड्याने गुणून मुदत काढली जाई. पण जाळ्यावरचा भार वाढतो तेव्हा सरासरीबरोबर वेळेतील चढउतारही झपाट्याने वाढतो, आणि दुप्पट मुदत धरली तरी ती जेमतेम ३० टक्के भारापर्यंतच पुरते, असे जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात दाखवले. त्यांनी चढउतारही मोजायला सुरुवात केली, आणि पुढे सरासरीत त्याची चौपट मिळवण्याची रीत रूढ झाली. सरासरी १०० मिलिसेकंद आणि चढउतार १० असेल तर मुदत १४०; चढउतार ८०वर गेला तर सरासरी तीच असूनही मुदत ४२०. मला हा या कामातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

दुसरा भाग अधिक प्रसिद्ध आहे: सुरळीत चालले असताना खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी किती मजकूर पाठवायचा ती मर्यादा, हळूहळू वाढवायची आणि पॅकेट हरवल्याचे कळताच ती एकदम कमी करायची. १९८९च्या आरएफसी ११२२ने हे वर्तन सर्वांना बंधनकारक केले.

टीसीपी इतकी समजूतदार झाली, तरी तिच्या डोक्यावर बसलेल्या आपल्या सर्व्हिसेस (एकमेकींना विनंत्या पाठवणारे प्रोग्रॅम) मात्र अजून १९८६मध्येच असल्यासारख्या वागताना दिसतात. अ‍ॅप गेटवेला, म्हणजे विनंत्या आत घेणाऱ्या दाराला, विचारते, गेटवे ऑर्डर सर्व्हिसला, ती डेटाबेसला. प्रत्येकाने ‘काळजीपोटी’ तीन-तीन प्रयत्नांची सोय केलेली असते, आणि डेटाबेस दमला की ग्राहकाच्या एका क्लिकचे त्याच्यापर्यंत पोहोचेतो २७ प्रयत्न होतात. रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, एकाच थराने करावा, दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवत न्यावा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, म्हणजे सगळे क्लायंट (विनंती करणारे) एकाच क्षणी पुन्हा धडकत नाहीत. हे सगळे ठाऊक असूनही घाईत राहून जाते.

शिवाय टीसीपीला मजकुराचा क्रम सांगणाऱ्या सिक्वेन्स क्रमांकामुळे दुसरी प्रत ओळखून टाकून देता येते. पैसे कापण्याची विनंती दुसऱ्यांदा आली तर ती ओळखण्याची सोय आपल्यालाच करावी लागते, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनेच एक क्रमांक द्यायचा आणि रिट्राय करताना तोच पुन्हा पाठवायचा. म्हणून कोड रिव्ह्यूला बसल्यावर मी आधी हा क्रमांक कुठे तयार होतो ते पाहतो, आणि लगेच टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत. कारण पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला तो सांगितला नाही, तर ती आपणहून कोणतीच मुदत लावत नाही.