कोल्हापूरच्या बोळातून कुडाळजवळच्या वाडीत : आमची वाटचाल

बाबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात एका बोळात होतं. दहा बाय बारा फूट. त्यात एक जुनी लेथ, एक बाक, कानशींची फळी आणि भिंतीत गाडलेली तिजोरी. बाबा मूळचे कुडाळ तालुक्यातले. चौदाव्या वर्षी घाट चढून आले, उद्यमनगरात लेथवर हात बसवला आणि मग एका उस्तादांकडे बंदूक उघडायला शिकले. उस्तादांनी संस्थानी शिकारीचा थाट पाहिलेला होता. त्यांच्या हाताखालून बर्मिंगहॅमच्या नि बेल्जियमच्या दुनळी बंदुका गेल्या होत्या. १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती हौस आटली. बाबांच्या वाट्याला आले ते बँकेचे सुरक्षारक्षक, थोडे बागायतदार आणि घाटाखालचे शेतकरी.

कोल्हापूर म्हटलं की लोक म्हणतात, मग काय, नेमबाजांच्या रायफली तुमच्याकडेच येत असतील! नाही येत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही आमच्या जिल्ह्याची माणसं, अभिमान आहेच. पण त्यांची हत्यारं परदेशी, त्यांचे सुटे भाग तिकडचे, त्यांना हात लावणारे तंत्रज्ञही वेगळे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे शेती संरक्षणाचा परवाना असलेला माणूस आणि त्याची ठासणीची, केपाची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची आणि मागे केप, म्हणजे छोटी टोपी, लावून उडवायची. भात पोटरीला आलं की डुक्कर येतात, नारळ-काजूवर वानर आणि माकडं, कुठे गवे. २००२पासून दोडामार्गात हत्तीही आले, पण त्यांच्यापुढे ही बंदूक म्हणजे फटाका. खरं तर सगळ्यांपुढेच ती फटाकाच असते. परवाना पीक राखायला असतो, शिकारीला नाही. रात्री दोन बार हवेत काढायचे आणि कळप हुसकायचा, एवढंच तिचं काम.

हा शेतकरी पहाटेची एसटी धरून, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक आणि परवान्याचं पुस्तक घेऊन घाट चढून यायचा. काम दहा मिनिटांचं असायचं, घोड्याची कमान (स्प्रिंग) बदलणं किंवा निपल, म्हणजे केप बसते ती छोटी नळी, घासून बसवणं. पण आधी तीन बंदुका रांगेत असल्या तर त्याला पुन्हा यावं लागायचं. सातशे रुपयांच्या कामाला दोन दिवसांची मजुरी आणि दोनदा एसटी. एकदा एक काका बाबांना म्हणाले, "तुमी तरी खाली येवा, नायतर आमची बंदूक तरी वर ठेवा." बाबा हसले. मी मात्र त्या रात्री वही काढून मोजलं. वर्षभरातल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त कामं घाटाखालची होती.

२०१८च्या शेवटी कुडाळजवळ, आमच्याच मूळ वाडीला लागून, अकरा गुंठे घेतले. बाबांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, दुकान उचलता येतं, परवाना उचलता येत नाही. आणि ते बरोबर होतं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे बंदूक विकायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो आणि तो जागेला बांधलेला असतो. जिल्हा बदलला म्हणजे सगळं पहिल्यापासून. बिगरशेतीचा दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांची चौकशी, नकाशा, बंदुका ठेवायच्या मजबूत खोलीचा आराखडा. एका टेबलावरून फाईल पाच महिने हलली नाही. कारण शेवटी कळलं ते असं की नकाशात दाराची जाडी लिहायची राहिली होती. पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं, तर मी तिथेच बसून लिहिली असती.

बांधकामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या धंद्यात उतरू पाहणाऱ्या दोघा-तिघांनी फोन करून तेच विचारलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या घेतल्या. चिरा स्वस्त, जवळच्या खाणीतला, उन्हाळ्यात आत गारवा. मजबूत खोली मात्र आरसीसीची, वर स्लॅब, लोखंडी दार, दोन कुलपं दोन माणसांकडे. लेथसाठी पाया वेगळा ओतला, फरशीला न जोडता, म्हणजे हादरा भिंतीत जात नाही. लेथ गगनबावड्याच्या घाटातून ट्रकने आणली. त्या दिवशी बाबा दिवसभर जेवले नाहीत.

२०२०च्या मार्चमध्ये काम थांबलं. स्लॅब पडला होता, दारं नव्हती. गवंडी गावाला गेले. पहिला पावसाळा आम्ही त्या उघड्या सांगाड्यात ताडपत्र्या बांधून काढला.

खरी फजिती पुढच्या वर्षी झाली. दारं लागली, खोली बंद झाली, आणि तपासून बघायला आम्ही स्वतःच्या हत्यारपेटीतली कानशी-पाने तिथे ठेवले. आठ दिवसांनी उघडलं तर सगळ्यांवर तांबूस थर. बंद काँक्रीटची खोली कोकणातल्या पावसात घाम काढते. भिंतीला हात लावला की ओला. चिऱ्याच्या खोलीत वारा खेळत असल्याने तिथे एवढा त्रास नव्हता. चोरापासून जपायला बांधलेली खोली गंजाला आमंत्रण देत होती! शेवटी बाष्प शोषणारं यंत्र घेतलं, मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे आणल्या, मांडणीवरचं हौसेने लावलेलं मखमली कापड उचकटून फेकलं, कारण कापड ओल धरतं. आता आर्द्रता मोजायचा काटा दारातच टांगलाय. साठच्या वर गेला की मी अस्वस्थ होतो.

परवाना हातात आला आणि २०२१च्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून काम सुरू केलं. वाडीतल्या बुजुर्गांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ह्या जागेत जो काय कारखानो उभो केलो हा, तेका यश दी. हयसून दुरुस्त होऊन गेलेल्या बंदुकीचो बार रानात जाऊ दी, माणसाक लागू नये, घरात फुटू नये. काय चुकला-माकला असात तर पदरात घी रे महाराजा!" सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. बाबांनी जरा जास्तच जोरात.

बंदूक दारात आली की पहिलं काम म्हणजे ती भरलेली नाही ना, हे बघणं. काडतुसाची असेल तर उघडून डोळ्याने दिसतं. ठासणीच्या बंदुकीत दिसत नाही. म्हणून नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे करून गज आत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. निपलपर्यंत पोचला तर रिकामी, चार बोटं कमी पडला तर आत माल आहे. पहिल्या दोन वर्षांत अशा सहा भरलेल्या बंदुका आल्या. एकीचा मालक म्हणाला, "बार सुटणा नाय म्हणान तर आणलंय!" दोन गणपतींपूर्वी ठासलेली दारू होती ती. ओली झालेली दारू मेली असं लोकांना वाटतं, पण ती वाळली की पुन्हा पेट घेते. पाणी सोडून, स्क्रूचं टोक असलेल्या गजाने ओढून ती काढायला दुपार गेली.

बाकी आजार ठरलेले. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे बार काढून तशीच टांगलेली बंदूक एका पावसाळ्यात आतून खाल्ली जाते. औषध साधं आहे : कडकडीत पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, तेलाची चिंधी फिरवायची. आम्ही हे प्रत्येकाला तोंडी सांगतो. ऐकतात त्या बहुतेक वयनी, कारण तोपर्यंत काका बाहेर विडी ओढत असतात. निपलचे आटे झिजले तर आग मागे, डोळ्यांकडे येते, ते काम आम्ही कधीच "चालवून घ्या" म्हणून सोडत नाही. बंदुकीचे लाकडी दस्ते शिसवाचे किंवा सागाचे. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या घरातला एक मुलगा आमच्याकडे आहे. त्याच्या हाताला लाकडाचा वळसा आपोआप कळतो. त्याला लोखंड शिकवायला दोन वर्षं लागली, लाकूड त्याने आम्हाला शिकवलं.

आणि मग नाही म्हणायची कामं. "नळी वीतभर कापून दे" म्हणणारा महिन्याला एक तरी येतो. शस्त्र कायद्याचं, विनापरवाना नळी आखूड करायला मनाई करणारं कलम ६ दाखवायचं आणि चहा पाजून परत पाठवायचं. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर सापडली, परवाना त्यांच्याच नावावर, अशा घरातल्या माणसाकडून आम्ही बंदूक हातातसुद्धा घेत नाही. आधी पोलीस ठाण्यात जमा, मग वारसाचा अर्ज. सगळ्यात अवघड नकार जुन्या बारा बोअरच्या दुनळीला द्यावा लागतो. तिचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरची असते. बाजारात काडतूस मिळतं ते बहुतेकदा ७० मिलिमीटरचं. ही लांबी उडालेल्या, उघडलेल्या काडतुसाची असते, म्हणून न उडालेलं काडतूस त्या आखूड घरात मजेत बसतं. मालकाला वाटतं, जुळलं. पण बार उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब चढतो. त्यातून नळी पिळाची असली, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेली, काळ्या दारूच्या काळातली, तर विचारूच नका. दिसायला सापाच्या कातडीसारखी सुंदर असते. एका बागायतदारांनी अशी पणजोबांची बंदूक आणली. मी रजिस्टरमध्ये "वापरास अयोग्य" लिहिलं. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी भावाची बंदूक घेऊन आले.

हंगाम आमचा निवडणुकीवर चालतो, हे इथे आल्यावरच कळलं. २०२४मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती. त्या काळात पोलिसांकडे जमा झालेल्या बंदुका पाऊस सुरू होताना परत मिळाल्या, तेलाविना. जूनमध्ये आमच्या पडवीत उभं राहायला जागा नव्हती. पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभा, म्हणजे नेमकं भात पिकलेलं आणि डुक्कर शेतात. कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे सवलतीचा अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. आम्ही अर्जाचा नमुना छापून ठेवला आणि येणाऱ्याच्या हातात दिला. त्यामुळे आमचंच काम घटलं, यावर बाबांनी मला चार दिवस टोमणे मारले.

पैशाचं खरं सांगायचं तर नुसत्या बंदुकांवर घर चालत नाही. पुढच्या शेडमध्ये ग्रासकटर आणि पंपाचे शाफ्ट दुरुस्त होतात, वीजबिल आणि दोन पगार त्यातून निघतात. दारूगोळा आम्ही विकत नाही. तो परवाना वेगळा, ती जोखीम वेगळी, आणि चुलीपासून शंभर पावलांवर दारू साठवायची माझी तयारी नाही.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. सकाळी येऊन मांडणीतली प्रत्येक बंदूक उघडून बघतात, कालच मी बघितली असली तरी. परवा मी एक निपल बसवून बंदूक तयार म्हणून ठेवली होती. त्यांनी ती उचलली, घोडा ओढला, कानाशी धरून हळू सोडला आणि म्हणाले, "कमान बदल, आवाज बसकाय." बदलतोय. मालकाला शनिवारी या म्हणून कळवलंय.