आमची वाटचाल: बुकिंग गणपतीत, माल दिवाळीला, आणि मधे चिपचा भाव

मोबाईलवरून शेतपंप चालू-बंद करायचा स्टार्टर आम्ही भोसरीत बनवतो. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, अंधारात विहिरीवर कोण जाणार, त्यात बिबट्याची भीती, त्यामुळे हा माल काय कामाचा हे शेतकऱ्याला समजावून सांगायची वेळ कधी आली नाही. मागणी दिवाळीच्या आगेमागे एकदम येते म्हणून डीलर लोक गणपतीतच बुकिंग करून ठेवायचे, थोडा अ‍ॅडव्हान्स, भाव फिक्स. 2020 पर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती कारण पार्टचे भाव फार हलायचेच नाहीत.

मग 2021 आलं. फेब्रुवारीत टेक्सासला बर्फाच्या वादळात वीज गेली आणि तिथले चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमधे जपानात रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्यात आग लागली, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी लॉकडाऊनमधे कॅन्सल केलेल्या ऑर्डरी तोवर परत टाकल्या होत्या. मोठ्यांचं आटपेपर्यंत आमच्यासारख्यांना कोण विचारतो! आमच्या बोर्डावर एसटीएम 32 एफ 103 बसायची, सगळा स्टार्टर चालवणारी, दीडशे रुपयांच्या आसपास मिळणारी चिप, ती ट्रेडरकडे हजाराच्या पुढे गेली आणि डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर लीड टाइम, म्हणजे ऑर्डर टाकल्यावर माल यायचा वेळ, 52 आठवडे. इकडे डीलरना भाव देऊन बसलेलो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सगळीकडे विचारून झालं. एका ट्रेडरने थोडे पीस आणून दिले, दिसायला एकदम ओके, पण कापसाला अ‍ॅसिटोन लावून घासलं तर वरचा काळा रंग कापसावर आणि खाली भलताच नंबर, म्हणजे दुसरीच चिप रंगवून दिलेली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक लॉटमधला एक तरी पीस घासल्याशिवाय आमच्याकडे माल आत घेत नाहीत.

शेवटी चिनी जीडी 32 घेतली. पाय सेम टू सेम, त्याच बोर्डावर बसते. पण पहिल्याच टेस्टिंगला कॉन्टॅक्टर (मोटरची लाईट जोडणारा मोठा स्विच) नुसता टक करून सुटायला लागला, धरेचना. कारण काय तर ही चिप तोच कोड जास्त जोरात पळवते, आमचा डिले लूप (वेळ काढायला नुसते फेरे मारणारा कोड) जुन्या चिपच्या वेगाने मोजून केलेला, मग कॉन्टॅक्टरला जाणारा स्टार्टचा पल्स आखूड पडायचा. चिपमधल्या टायमरवर सगळं परत लिहिलं, त्या सीझनला प्रॉफिट शून्य, पण बुकिंगच्या भावानेच माल दिला. डीलर टिकले ते त्यामुळेच असं मला वाटतं.

पुढच्या वर्षीपासून बुकिंगची पद्धतच बदलली. अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा तर चिप आणि 4जी मॉड्यूल (मोबाईल नेटवर्कला जोडणारा पार्ट) येईल एवढा, आणि पैसे आले की त्याच दिवशी तो माल उचलायचा, खरेदीचं बिल डीलरला व्हॉट्सअ‍ॅप. तेवढ्या मालाचा भाव लॉक. पेटी, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर यांचं वरखाली आम्ही सोसतो, फक्त तांबं फारच चढलं तर आधी फोन करून बोलून घेतो. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर जीएसटी लगेच भरावा लागत नाही, बिल फाडताना लागतो, त्यामुळे आलेले सगळे पैसे पार्टमधे घालता येतात. त्यातून पगार करायचा नाही हे मात्र घरात सुद्धा ठरलंय. (बायको अकाउंट बघते, त्यामुळे पळवाट नाही.)

आता परत तेच, फक्त या वेळी मेमरी. एआयच्या डेटा सेंटरनी सगळी रॅम ओढलीय. तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी टेम्परेचर बघायची पेटी करतो, त्यात रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर असतो, आणि डिसेंबर 2025 मधे त्या कंपनीनेच भाव वाढवले, 16 जीबीचा पाय 5 तर 120 डॉलरवरून 145 वर गेला. आपल्याला 1 जीबीत भागतंय म्हणून फटका कमी, तरी कोटेशनवर आता 'भाव 7 दिवसांसाठी' असं टाकतो. परवा एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, काय राव, भाजी मंडईसारखा रेट देताय. म्हटलं दादा, अ‍ॅडव्हान्स आज टाका, आजच्याच भावाने बोर्ड उचलतो आणि बिल पाठवतो. संध्याकाळी टाकला त्यांनी.