थंडी, कुत्री आणि सडा

कोकणात थंडी पडते हे घाटावरच्या माणसाला पटवून देणे अवघड आहे. डिसेंबरात आमच्याकडे येणारे पाहुणे स्वेटर बॅगेतच ठेवतात, दुपारी पंखा लावायला सांगतात आणि ‘हीच का तुमची थंडी’ असे विचारतात. ते उठतात नऊ वाजता, त्यामुळे खरी थंडी त्यांच्या वाट्याला येतच नाही. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात काही वर्षी पारा दहा अंशांच्याही खाली गेलेला आहे. आमचे आंजर्ले समुद्राकाठी असल्याने इतका गारठा येथे पोहोचत नाही. पण पहाटे अंगणातले जांभ्याचे चिरे अनवाणी पायांना चावतात आणि पाण्याच्या हंड्याखाली जाळ घालायला कोणालाही आग्रह करावा लागत नाही.

माझा भाचा कॅनडात असतो. त्याच्याकडून येणाऱ्या व्हिडिओंत त्याचा कुत्रा बर्फात पोटापर्यंत रुतून आनंदाने उड्या मारताना दिसतो, तोही पायांत बूट घालून. कारण तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात आणि ते पंजांना झोंबते. घरात ते व्हिडिओ कौतुकाने पाहिले जातात. मला मात्र हेवा वाटत नाही, कारण तांबू आणि बंड्या या माझ्या दोन गावठी कुत्र्यांबरोबर थंडीतल्या सकाळी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, जाणे हे वर्षातले सर्वांत चांगले फिरणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

सड्यावरच का, किनाऱ्यावर का नाही, असे मला बरेच जण विचारतात. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, वाळू मऊ, ओहोटीला पुळण लांबच लांब मोकळी पडलेली. कुत्र्याला धावायला आणखी काय हवे? अडचण अशी की थंडीत किनारा आमचा नसतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि मादी ती वाळूने झाकून परत समुद्रात जाते. पुढे राखण करायला ती थांबत नाही. वाळूखाली फूट-दीड फुटावर असलेली ही अंडी माणसाला दिसत नाहीत, पण कोल्ह्याला आणि कुत्र्याला ती वासावरून सापडतात. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे फिरून मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग शोधतात, अंडी उचलून जाळीचे कुंपण घातलेल्या हॅचरीत पुन्हा पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये वेळासला हे काम सुरू केले आणि मग ते किनाऱ्या-किनाऱ्याने पसरले. आमच्या गावचा एक कासवमित्र मला दर मोसमात न चुकता बजावतो, “दादा, इकडे आलात तर दोरी सोडू नका हो. तुमचा बंड्या गुणी आहे, पण नाक त्याच्या हातात नाही.” त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे.

शिवाय याच दिवसांत कुरव पक्ष्यांचे थवे ओल्या वाळूवर बसलेले असतात. त्यांतले काही लडाख आणि त्यापलीकडच्या गोठणाऱ्या सरोवरांवरून आलेले असतात. म्हणजे बर्फाशी आमच्या किनाऱ्याचा तेवढा तरी संबंध आहे. कुत्रे धावत गेले की सगळा थवा उठतो, चक्कर मारून पुन्हा बसतो आणि पुन्हा उठवला जातो. पर्यटकांना ते दृश्य फार आवडते आणि त्याचे फोटोही निघतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला विसाव्याच्या जागी असे पळवण्यात काय मजा आहे, हे मला कधीच कळलेले नाही.

म्हणून आम्ही समुद्राकडे पाठ करून चढणीला लागतो, तेही उजाडल्यावरच. शेजारच्या आजी रोज अंगणातून हाक मारतात, “फटफटल्याशिवाय कुत्रे घेऊन जाऊ नको हो, वाघ फिरतो!” हा वाघ म्हणजे बिबट्या आणि कुत्रे हे त्याचे आवडते खाद्य, त्यामुळे आजींचा शब्द मी मोडत नाही. वाटेत आंब्याच्या बागा लागतात. रात्रीच्या गारव्याने कलमांना मोहोर फुटलेला असला तर त्याचा गोडसर, किंचित उग्र वास पाखाडीपर्यंत येतो. पण तुडतुड्यांसाठी फवारणी झालेली असली तर मी दोरी आखडती घेतो, कारण गवतावरचे औषध पंजांना लागते आणि कुत्री पंजे चाटतात.

पहाटे वाहणाऱ्या मतलई वाऱ्याची खरी गंमत चढणीवर कळते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून हा वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. साहजिकच चढताना तो आमच्या तोंडावर येतो आणि पुढे जे काही असेल त्याची वर्दी कुत्र्यांना आधीच देतो. तांबू आता वयस्कर झाली आहे. ती मध्येच थांबते, मान थोडी वर करते, तिच्या नाकपुड्या थरथरतात आणि मग ती शांतपणे वाटेची डावी बाजू धरते. बंड्याला एवढा धीर नाही. परवा करवंदीच्या जाळीशी तो असा काही अडून बसला की दोरी ओढूनही हलेना. वाकून पाहिले तर साळिंदराचा वीतभर लांब काटा पडला होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, टोकाला सुईसारखा अणकुचीदार, आणि त्यावर दंवाचे थेंब ओळीने बसले होते. बंड्याने तो हुंगला, एकदा शिंकला आणि मागे सरून त्याच्यावरच भुंकला.

वर सड्यावर पोहोचले की सगळे मोकळे होते. पावसाळ्यात येथे पाणी आणि फुले असतात; आता गुडघ्याएवढे वाळलेले गवत आणि मधूनमधून उघडा काळपट कातळ. गवतात कोळ्यांची जाळी दंवाने पांढरी झालेली असतात, आणि कुत्री त्यातून धावली की त्यांच्या मागे एक ओली, गडद रेघ उमटत जाते. हवा स्वच्छ असली तर खाली सुवर्णदुर्ग दिसतो, धुके असले तर नुसती हर्णैकडच्या होड्यांच्या इंजिनांची फटफट ऐकू येते. येथे मी दोरी सोडतो, पण दगडांच्या ढिगांपासून कुत्र्यांना लांब ठेवतो. फुरसे हा कातळावरचाच साप, हातभरही नसतो, आणि दगडाखाली नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही.

परत आल्यावरचे काम अर्ध्या तासाचे असते आणि ते टाळून चालत नाही. सुकलेल्या गवताची कुसळे केसांत अडकतात, बोटांच्या बेचक्यांत शिरतात आणि राहिली तर कातडीत रुतून तेथे पू होतो. मी ओटीवर बसून एकेक पंजा उलटा करून बोटे फाकवतो, मग कान पाहतो, कानामागे गोचीड आहे का तेही चाचपतो. तांबू डोळे मिटून पडून राहते. बंड्या मात्र काढलेले प्रत्येक कुसळ स्वतः हुंगल्याशिवाय पुढचा पाय देत नाही. तोवर चुलीवर मासळीच्या डोक्यांचा बिनमिठाचा भात शिजलेला असतो.

हे सारे फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्च लागला की कातळ सकाळी लवकर तापू लागतो. तळहात टेकवून पाहिल्याशिवाय मी कुत्र्यांना त्यावर सोडत नाही, आणि मग आमचे फिरणे बागेतल्या सावलीपुरते उरते.