सशाच्या पिल्लाचे पोट आणि दूध तुटण्याचे वय

आठवडी बाजारात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात सशाचे पिल्लू घेताना त्याचे वय विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. मुठीत मावेल एवढे पिल्लू अधिक गोंडस दिसते, म्हणून तेच आधी उचलले जाते. आणि लातूरच्या आमच्या भागात घरी आणलेल्या अशा पिल्लांपैकी कितीतरी पिल्ले पहिल्या पंधरवड्यातच जुलाब होऊन किंवा पोट फुगून दगावतात. ससा जातच नाजूक, त्याला हवा मानवली नाही, असे मग म्हटले जाते. माझे ठाम मत असे आहे की दोष बहुतेक वेळा हवेचा नसतो. दूध तुटण्याच्या ऐन वयात पिल्लू आईपासून काढले जाते, त्याच दिवशी त्याचे खाणेही बदलते, आणि हे दोन धक्के एकदम सोसण्याइतके त्याचे पोट अजून तयार झालेले नसते.

सशाची मादी पिल्लांना साधारणपणे दिवसातून एकदाच आणि तेही काही मिनिटेच पाजते, पण तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध आणि प्रथिनयुक्त असते. या दुधापासून पिल्लाच्या जठरात अशी काही स्निग्धाम्ले तयार होतात की जी रोगजंतूंना वाढू देत नाहीत. मोठ्या सशाच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते, त्याचा सामू (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) १ ते २ च्या आसपास असतो. दूधपित्या पिल्लाच्या जठरात मात्र तो ५ ते ६.५ इतका सौम्य असतो, म्हणजे तोपर्यंत सगळी राखण दुधाच्याच भरवशावर चाललेली असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू गवत कुरतडू लागते, आईची विष्ठाही खाते, आणि तिच्यातून उपयोगी सूक्ष्मजीव त्याच्या आतड्यात उतरतात. दुधाचे संरक्षण ओसरत चालले आहे, आम्ल अजून पुरते तीव्र झालेले नाही आणि सूक्ष्मजीवांची वस्ती नुकती बसते आहे, अशा अवस्थेतले चार-पाच आठवड्यांचे पिल्लू पिंजऱ्यात घालून विकले जाते. निदान ८ आठवडे पूर्ण झाल्याखेरीज पिल्लू घेऊ नये, आणि घेतल्यावर पहिले दोन आठवडे ते आधी जे खात होते तेच द्यावे. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत न्यावे. विकणाऱ्याकडून त्याच्या नेहमीच्या खाद्याची लहान पिशवी मागून घेण्यात कसलाही संकोच नसावा.

सशाच्या पोटातील सर्वांत मोठा अवयव म्हणजे अंधांत्र, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी. खाल्लेले गवत मोठ्या आतड्यात आले की तेथे त्याची वाटणी होते: जाड तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात, तर बारीक कण आणि द्रव उलट दिशेने अंधांत्रात परत जातात. तेथे सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी दिसणारी दुसरी विष्ठा तयार होते. ससा ती बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ब गटातील जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला त्यातून मिळतात. हे पाहून किळस येऊन त्याला हटकू नये. जाड तंतूचे पोषणमूल्य जवळजवळ काहीच नसले, तरी आतड्याला गती देण्याचे काम तोच करतो. तंतू कमी आणि पिष्ट किंवा साखर जास्त झाली की अंधांत्रातील उपयोगी सूक्ष्मजीव मागे पडतात, विष निर्माण करणारे क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू वाढतात आणि लहान पिल्लू एका रात्रीत हातचे जाऊ शकते. बिस्कीट, पोळी, मुरमुरे, भिजवलेले हरभरे, दुधात कालवलेला पाव हे सारे प्रेमाने दिले जाते आणि घात तेथेच होतो.

रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या पाहण्याची सवय मी सर्वांना आग्रहाने सांगते. एखादी कोरडी लेंडी बोटांत चुरडली की निरोगी पिल्लाच्या बाबतीत ती सहज फुटते, आत फिकट तपकिरी रंगाचा गवताचा भुसा दिसतो आणि तिला जवळजवळ वास येत नाही. लेंड्या बारीक, काळपट आणि टणक होऊ लागल्या, केसांनी माळेसारख्या गुंफल्या गेल्या किंवा त्यांच्याबरोबर शेंबडासारखा चिकट स्राव पडला, तर खाण्यात गवत कमी पडते आहे किंवा आजार सुरू झाला आहे असे समजावे. रोजच्या झाडलोटीचा आणखी एक लाभ आहे. कॉक्सिडिया या परजीवींची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर रोगकारक होण्यास साधारण एक-दोन दिवस तरी लागतात, त्यामुळे रोज सफाई केली तर पिल्लांमधील या जीवघेण्या जुलाबाला मोठा आळा बसतो.

आहारातील बहुतांश भाग वाळलेल्या गवताचा असावा आणि ते दिवसरात्र समोर असावे. दातांसाठीही त्याची गरज असते, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावतानाच झिजतात. बाहेरून येणारे टिमथी गवत महाग पडते, पण त्यावाचून अडत नाही. पावसाळा सरताना बांधावर, गायरानावर मारवेल आणि हरळी मुबलक मिळते. ती सावलीत वाळवून कोरड्या जागी ठेवली तर पुढे कित्येक महिने पुरते. कुसळे धरलेले गवत मात्र घेऊ नये, ती तोंडात आणि हिरड्यांत रुततात. सोयाबीनच्या बांधांवर तणनाशक फवारलेले असते, तेव्हा शेतमालकाला विचारूनच गवत कापावे, आणि त्यात गाजरगवताची एकही काडी येऊ देऊ नये. कडब्याचा वाळलेला पाला थोडा चघळायला चालतो. कोवळी ज्वारी मात्र गुरांनाही बाधते, तेव्हा ती सशापुढे टाकूच नये. वाढत्या पिल्लाला लसूणघास (अल्फाल्फा हा हिरवा चारा) उपयुक्त असतो, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. सहा-सात महिन्यांनंतर तो कमी करत न्यावा, नाहीतर जादा कॅल्शियम लघवीतून खडूसारखे पडू लागते. कोंबडीखाद्य सशाला कधीही देऊ नये, त्यातील काही औषधे सशाला विषारी ठरतात.

हिरवा पाला बारा आठवड्यांच्या आसपास सुरू करावा: एका वेळी एकच भाजी, दोन-तीन पाने, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहूनच पुढचा घास. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला सहसा मानवतात. गाजर मात्र गोड कंद आहे, तो सशाचा आहार नव्हे. कांदा-लसणाची पात वर्ज्य.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर सशाला साधारण २० अंशांपर्यंतचेच तापमान सुखाचे वाटते. उष्म्याने तो खाणे सोडतो आणि त्यापाठोपाठ आतडे मंदावते. जड मातीच्या भांड्यात सतत पाणी आणि पिंजऱ्याशेजारी ओले पोते ठेवावे. ज्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथेही हे परवडणारे आहे, कारण एक किलो वजनाचा ससा दिवसाला फार तर दीडशे मिलिलिटर पाणी पितो.

गेल्या वैशाखात शेजारची मुलगी दुपारी धावत आली, "काकू, सकाळपासून गाजराला बी तोंड लावंना की ते." पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून बसले होते, दात करकर वाजवत होते आणि पिंजऱ्यात एकही ताजी लेंडी नव्हती. अशा वेळी उद्या पाहू असे म्हणणे धोक्याचे असते. सशाला उलटी होत नाही, आणि दहा-बारा तास पोट रिकामे राहिले तर आतडे थांबते. लहान पिल्लाजवळ तेवढाही अवकाश नसतो. आम्ही लगेच दवाखाना गाठला, आणि वेदनाशामक, सलाइन व चमच्याने भरवलेले पातळ खाद्य यांवर ते पिल्लू सावरले.

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक पशुवैद्यकांचा रोजचा संबंध गाई-म्हशी आणि शेळ्यांशी येतो, म्हणून ससा असल्याचे आधी फोनवर सांगून ठेवावे. उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचाही सल्ला घेता येतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या अंधांत्रातील सूक्ष्मजीव मरतात आणि त्यातून प्राणघातक जुलाब होतो. घरातील उरलेले सिरप अंदाजाने पाजू नये, आणि औषधाची चिठ्ठी हाती आली की हे सशाला तोंडावाटे चालते का, एवढे डॉक्टरांना तेथेच विचारून घ्यावे.