पाकिटातली खाज

वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या पाकिटांची छाननी चालली होती. एकावर नुसतंच 'शिंबी कुळ, शेंगा'. गोळा करणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. (या लोकांना शाई महाग पडत होती की काय!) मदतनीस काकांनी ते पंख्याखालीच उघडलं आणि बघता बघता टेबलाभोवतीचे सगळे मान, मनगटं, कोपराचा खळगा खाजवायला लागले.

"पंखा बंद करा! चोळू नका!" मी ओरडले. चोळलं की शेंगांवरून उडालेले बारीक केस आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ते उचलले, मग हात धुतले. एकीनं ॲलर्जीची गोळी घेतली, तिचा काही उपयोग झाला नाही. ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच. केसांत म्युकुनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते मज्जातंतूंची टोकं चेतवतं. उष्णतेनं ते निकामी होतं, नुसतं वाळून नाही.

काकांनी लेबलासाठी पेन्सिल उचललीसुद्धा. "खाजकुयलीच, मॅडम. आणखी काय पुरावा हवा?"

पण म्युकुना, म्हणजे खाजकुयलीची प्रजाती, तिच्या शंभरेक जाती उष्ण कटिबंधात पसरल्यात आणि खाजरे केस त्यांतल्या पुष्कळांच्या शेंगांवर असतात. उलट हिरवळीच्या खतासाठी पेरतात ते खाजकुयलीचेच वाण, पण त्यांना खाज नाही.

हातमोजे, मास्क चढवून एक शेंग चिमट्यानं भिंगाखाली धरली. खाजकुयलीची शेंग लांबट, वाकडी, आत चार-सहा बिया. ही आखूड, रुंद, आणि अंगावर तिरप्या पातळ पट्ट्या, वहीची पानं उभी करावीत तशा. पट्ट्यांवर तांबूस सोनेरी केस. आत बी एकच, नि त्याच्या कडेनं बराचसा घेर व्यापणारा काळा पट्टा. बी शेंगेला जोडलेलं असतं, त्याचा तो व्रण. खाजकुयलीच्या बीवर तो आखूड असतो. मी लिहिलं: म्युकुना मोनोस्पर्मा.

"आणि खाज तीच?" काका कोपर खाजवत म्हणाले.

दुपारी रसायनाचे सहकारी एक बी मागायला आले. खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा १९३७ सालीच वेगळा केला होता. कंपवातावर तो आजही देतात. ह्या जातीत किती, ते त्यांना बघायचं होतं. अख्ख्या पाकिटात तीन बिया. मी नाही म्हटलं आणि पाकिटावर लाल अक्षरांत लिहिलं, 'पंखा बंद करून उघडावे'.